धूर कोणाच्या डोळ्यांत?

चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ साली भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात आपल्या लोट्याची मुक्तकंठाने स्तुती केली. ही वस्तू कोणा एका कारागिराने नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने घडवली, हे त्या परकीयांनी ओळखले. आमच्या नियोजनकर्त्यांनी मात्र त्यावरून काहीच बोध घेतला नाही. १९८३ साली केंद्राने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभला. २००२ साली तो गुंडाळेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली. त्यांतील कित्येक लवकरच भंगल्या किंवा टाकून दिल्या गेल्या. धुराडे काजळीने तुंबणार, अरुंद तोंडासाठी लाकूड बारीक फोडावे लागणार, आणि भाकरी निखाऱ्यांशी उभी करून शेकायला जागाच नाही! (भाकरी कशी फुगते, हे दिल्लीच्या कचेरीत कोण सांगणार?) उद्दिष्टपूर्तीचे तक्ते तेवढे भरले.

शहरी प्रदर्शनांत गृहोपयोगी कल्पकतेचा जो थाट दिसतो, तो क्रयशक्तीमागे धावणाऱ्या भांडवलाचा आहे. चुलीपुढे बसणारीच्या हाती पैसा नाही, म्हणून तिची गरज बाजाराच्या लेखी मागणी ठरत नाही. सरकारी तिजोरीतून पैसा मिळणाऱ्या वस्तूची तरी वर्षभर तिच्या घरी चाचणी व्हावी आणि ती नाकारण्याचा अधिकार तिचाच असावा, एवढी आमची मागणी आहे.