कर्मणि प्रयोगातले विद्यापीठ

‘तडजोडीस मान्यता देण्यात आली.’ ‘विषयाची नोंद घेण्यात आली.’ इतिवृत्तांची ही मराठी व्याकरणाच्या तासाला घ्यावी अशी आहे. कर्ता कुठेच नाही! २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात मात्र तो आहे. प्रमुख कार्यकारी आणि धोरण ठरवणारे प्राधिकरण म्हणजे व्यवस्थापन परिषद, अध्यक्ष कुलगुरू.

आकुर्डी-चाकणच्या कारखान्यांत वेतनकरार झाला की त्यातली कलमे कामगारांना तोंडपाठ असतात. त्याच पट्ट्यातल्या, पुणे विद्यापीठाला संलग्न महाविद्यालयांतल्या आम्हा प्राध्यापकांना विद्यापीठाच्या तडजोडींविषयी काय ठाऊक असते? रक्कम किती, कुठल्या निधीतून, आणि ज्या नियमभंगातून दावा उभा राहिला तो नियम आता पाळला जातो का?

‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे ठरीव उत्तर. माहिती अधिकार अधिनियम, २००५ एवढ्यावर माहिती नाकारू देत नाही; न्यायालयाची स्पष्ट मनाई हवी, किंवा अवमान होण्याचा संभव. आणि तडजोड झाल्यावर प्रकरण न्यायप्रविष्ट उरतेच कसे? तक्रारदाराचे नाव अवश्य झाकावे. रक्कम का झाकायची? अधिसभेवर अध्यापक आणि पदवीधर आपले प्रतिनिधी निवडून पाठवतात. येत्या अर्थसंकल्पी बैठकीत त्यांनी कायदेविषयक खर्चाचा तपशील मागावा, प्रकरणवार.