ओलाव्यात वाळणारं रोगण

ओले कपडे आपण उन्हात वाळत घालतो. पण जपानमधल्या वाजिमा शहरातले कारागीर लाकडी वाडग्याला रोगण लावतात आणि तो चक्क दमट कपाटात ठेवतात! का बरं? हे रोगण म्हणजे उरुशी झाडाचा चीक. कडक व्हायला त्याला हवेतला ओलावा लागतो.

दहा-पंधरा वर्षं वाढवलेल्या झाडाला चिरा पाडल्या, तरी एका हंगामात चीक मिळतो जेमतेम २०० ग्रॅम! शिवाय तो अंगाला लागला की पुरळ उठतं, आपल्या बिब्ब्यासारखं. दोन्ही झाडं एकाच कुळातली. आंबासुद्धा त्याच कुळातला बरं का!

थर लावायचा, कडक होऊ द्यायचा, घासायचा, की पुढचा थर. अशा शंभराहून जास्त पायऱ्या! शेवटी ओल्या रोगणाने नक्षी काढून तिच्यावर सोन्याची पूड भुरभुरवतात. हिला म्हणतात 'माकि-ए'.

१ जानेवारी २०२४ ला वाजिमात मोठा भूकंप झाला, आग लागली. कित्येकांची घरं, हत्यारं गेली. तरी तात्पुरत्या शेडमध्ये कारागीर पुन्हा कामाला बसले. टवका उडालेला वाडगा ते फेकत नाहीत; त्यावर नवे थर चढवतात.