जोडातले 45 वॅट

तालुक्याच्या गावातील आमच्या एका सभासदाने चाळीस खाटांच्या खासगी रुग्णालयाचे इलेक्ट्रिकल ऑडिट केले. मेगर, अर्थिंग, पोलॅरिटी, सगळे नमुन्याप्रमाणे भरले आणि सोबत एक जादा पान जोडले. त्यावर प्रत्येक पॉवर पॉइंटचे लोडवरचे रीडिंग होते: डीबीतले व्होल्टेज, पॉइंटवरचे व्होल्टेज आणि अँपिअर. मंजुरी देणाऱ्या कार्यालयातून फाइल परत आली. शेरा होता, 'विहित नमुन्याबाहेरील मजकूर वगळून सादर करावे.' त्याने पान काढून घेतले आणि चौथ्या दिवशी शिक्का मिळाला.

ते वगळलेले पान त्याने आम्हाला पाठवले आहे. त्यातली एकच ओळ घेऊ.

वॉर्डाच्या न्हाणीघरातला 3 किलोवॅटचा गिझर. तो चालू असताना डीबीत 232 व्होल्ट, त्याच वेळी पॉइंटवर 224, करंट 12.7 अँपिअर. मीटर अदलाबदल करूनही तेच. 8 भागिले 12.7, म्हणजे 0.63 ओहम. डीबीपासून पॉइंट 20 मीटरवर, वायर अडीच एमएमची फ्लेक्झिबल तांब्याची. फेज आणि न्यूट्रल मिळून 40 मीटर, आणि वायर तापल्याचे धरले तरी त्याचे 0.35 ओहमच्या वर जात नाहीत. राहिलेले 0.28 ओहम जोडात बसले आहेत. 12.7 चा वर्ग गुणिले 0.28 करा. 45 वॅट!

25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने आपण रोज सोल्डर वितळवतो. इथे जवळजवळ त्याच्या दुप्पट उष्णता प्लास्टिकच्या बंद बॉक्समध्ये एका स्क्रूखाली तयार होत होती. सभासदाने बोर्ड उघडला तेव्हा न्यूट्रलचे इन्सुलेशन इंचभर तपकिरी पडून कडक झाले होते आणि स्क्रूखाली निम्म्याच तारा सापडल्या. बाकीच्या तारा वायर सोलतानाच तुटल्या असणार.

आता हा दोष नमुन्यातल्या कोणत्या रकान्यात दिसला असता? मेगर इन्सुलेशन तपासतो, जोडाशी त्याला कर्तव्य नाही. मल्टिमीटरने कंटिन्युइटी घेतली तर 0.28 ओहम लीडच्याच रेझिस्टन्समध्ये हरवतात. एमसीबी 16 अँपिअरचा, तो 12.7 वर पडणार कसा? सैल जोडाने करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. आरसीसीबीलाही काही कळत नाही, कारण गळती नाही. फेजमधून गेलेला करंट पूर्णपणे न्यूट्रलने परत येतो. सगळी संरक्षणे शाबूत असताना बोर्ड जळू शकतो, आणि जळाल्यावर पंचनाम्यात शब्द येतो, 'शॉर्टसर्किट'.

या शब्दाचा आम्हाला मनस्वी संताप येतो. शॉर्टमध्ये रेझिस्टन्स जवळपास शून्यावर येतो, करंट शेकडो अँपिअरवर जातो आणि एमसीबी क्षणात पडतो. तापलेल्या जोडाची गोष्ट नेमकी उलटी आहे. कारण चुकीचे लिहिले की उपायही चुकीचा निघतो. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बालके गेली. त्यानंतर राज्यभर ऑडिटचे आदेश सुटले, ते योग्यच होते. पण ज्या ऑडिटमध्ये लोडवरच्या व्होल्टेजला जागा नाही आणि कोणी ते स्वतःहून लिहिले तर खोडायला लावतात, त्या ऑडिटने कोणाचा जीव वाचणार? नमुना कार्यालयाने केला आहे, कार्यालयानेच तो बदलावा. तीन रकाने वाढवायचे आहेत, त्याला कायदा बदलावा लागत नाही.

हे झाले साहेबांचे. आपल्यातल्या किती जणांकडे टाँग टेस्टर पेटीत पडून असतो, तेही सांगू का? निऑन टेस्टर लागला, लाइन आली, बिल केले. निऑनला मायक्रोअँपिअर पुरतो. अर्धा तुटलेला जोडही तो उजळूनच दाखवतो. मागच्या वर्षीच्या रिपोर्टवरचे आकडे यंदाच्या रिपोर्टवर उतरवणारे सभासद आम्हाला माहीत आहेत, नावे छापत नाही एवढेच. पिळून टेप मारलेले जोड, लग न लावता स्क्रूखाली दाबलेल्या तारा, ॲल्युमिनियमच्या सर्व्हिसला थेट जोडलेले तांबे, हे सगळे आपल्याच हातचे आहे. जो जोड 6 अँपिअरवर दहा वर्षे निमूट राहिला, त्याच्यावर एसी चढवून करंट दुप्पट केला की उष्णता चौपट होते. त्या दिवशी ग्राहक घरात असतो, आपण नसतो.

म्हणून प्रत्येक सभासदाला विनंती आहे. या महिन्यात स्वतःच्या घरापासून सुरुवात करा. गिझर, इस्त्री, हीटर असे रेझिस्टिव्ह लोड घ्या. मोटारीला पॉवर फॅक्टर आड येतो, तिथे हा साधा भागाकार चालणार नाही. डीबीतले आणि पॉइंटवरचे रीडिंग एकाच वेळी घ्या, नाहीतर लाइनच मधे हलते. वायरीच्या लांबीचे ओहम वजा करा आणि जोडात 10 वॅटच्या वर निघाले तर बोर्ड उघडल्याशिवाय उठू नका. रिपोर्टसोबत जादा पान जोडा. ते परत आले तर शेऱ्यासकट त्याची प्रत आमच्याकडे धाडा. असे पन्नास शेरे जमले की ते घेऊन आम्ही स्वतः मंत्रालयात जाऊ. रीडिंग पोस्टकार्डावर लिहिले तरी चालेल, फक्त वायरचा साइज आणि लांबी विसरू नका. 25 तारखेपर्यंत आलेली रीडिंग पुढच्या अंकात छापू.