‘करावे’चा कर्ता

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील आरमार-प्रकरणाचा गौरव करताना मराठी समीक्षा एका उताऱ्यापाशी हमखास गहिवरते. लढाऊ गलबतांना लाकूड हवे. पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढविलेली असतात. जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. आंब्याच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या पावससारख्या गावाला हा उतारा आपलासा वाटावा, हे स्वाभाविकच. समीक्षेने मात्र तेथेच थांबावे, हे तिला शोभत नाही.

या उताऱ्यात झाडाला धनी आहे आणि धन्याला दुःख आहे. झाडावर कुऱ्हाड चालविणारा, ओंडका खाडीपर्यंत ओढणारा कोठे आहे? त्याच्या जागी केवळ विध्यर्थी क्रियापद उभे आहे. ‘करावे’ म्हटले की कोणी करावे हे सांगावे लागत नाही. या रचनेची सूत्रमयता वाखाणणाऱ्यांनी तिच्यातील सत्तासंबंध वाचलेला नाही.

त्या गाळलेल्या कर्त्याला मराठीत नाव आहे: वेठबिगार. हिरोशी फुकाझावा यांच्या १९९१ साली प्रकाशित झालेल्या मध्ययुगीन दख्खनविषयक ग्रंथात अठराव्या शतकातील मराठी राज्याच्या वेठबेगारीवर स्वतंत्र प्रकरण आहे. किल्ल्यांचे बांधकाम आणि डागडुजी, लाकूडफाटा, ओझी यांसाठी गावोगावची माणसे, त्यांतही विशेषतः महार, वेठीस लावले जात. पावसच्या दक्षिणेस मुचकुंदीच्या मुखावर पूर्णगड उभा आहे. तो कोणी बांधला, या प्रश्नाला आपल्याकडे फक्त राजा-सरदारांच्या नावांनी उत्तर दिले जाते.

गतकाळाला आजचे निकष लावू नयेत, असा आक्षेप येईल. परंतु वेठ माफ केल्याची कागदपत्रे त्याच काळातली आहेत. जी गोष्ट माफ करणे ही कृपा ठरते, तिचा जाच त्या काळालाही ठाऊक होता.

युरोपातही हेच घडले. १९४३ पासून नॉर्डहाउझेनजवळच्या भुयारी कारखान्यात ‘व्ही-२’ अग्निबाण बनविण्यासाठी डोरा छळछावणीतील कैदी जुंपले गेले. त्या छावणीत व तिच्या उपछावण्यांत सुमारे ६०,००० माणसे आली, त्यांतली सुमारे २०,००० मेली. तरीही दीर्घकाळ अग्निबाणाचा कर्ता म्हणून फोन ब्राउन यांचेच नाव घेतले गेले. थॉमस पिंचन यांनी १९७३ च्या ‘ग्रॅव्हिटीज रेनबो’त ती छावणी कादंबरीत आणली. आमची ऐतिहासिक कादंबरी बहुतांशी अजून बुरुजावरूनच खाली पाहते.

रत्नागिरीत वेठ पेशवाईबरोबर संपली नाही; खोत ती कुळांकडून घेतच राहिले. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मांडले. कायदा झाला १९४९ मध्ये. शब्द मात्र टिकला, आणि त्याचा रोख फिरला. कामगार संपावर गेले की त्यांनीच जनतेला ‘वेठीस धरले’, असे आता अग्रलेख लिहितात.