शीघ्रपतन : लाज नव्हे, उपचार

वसई, नालासोपारा, विरार येथून दररोज लोकलने ये-जा करणाऱ्यांना ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ ही जाहिरात अपरिचित नाही. वास्तविक कामशक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायद्याने बंदी आहे. तरीही हा धंदा चालतो, कारण त्याचे भांडवल एकच : पुरुषाचे मौन.

हे मौन मोडण्यासाठी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले व १९५३ मध्ये निधन होईपर्यंत चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये चाललेल्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली.

शीघ्रपतन म्हणजे काय, हे प्रथम समजून घ्यावे. पहिल्या संबंधापासून बहुतेक प्रत्येक वेळी सुमारे एका मिनिटात स्खलन होणे हा आजन्म प्रकार. पूर्वी सर्व ठीक असून पुढे ही वेळ सुमारे तीन मिनिटांवर किंवा त्याहून खाली येणे हा नंतर उद्भवलेला प्रकार. त्याबरोबर स्खलन लांबविता न येणे व त्यापायी मनस्ताप होणे, ही लक्षणेही असावी लागतात. क्वचित असे घडल्यास तो आजार नव्हे.

मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याचे कार्य, चिंता, ताठरतेची अडचण, प्रोस्टेटची सूज अथवा थायरॉइडचा अतिस्राव ही संभाव्य कारणे होत. म्हणून तपासणी आधी, औषध नंतर. डॉ. जेम्स सेमन्स यांनी १९५६ मध्ये मांडलेली ‘थांबा आणि पुन्हा सुरू करा’ ही सरावाची पद्धत, समुपदेशन, बधिरता आणणारे मलम व डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या यांचा अनेकांना उपयोग होतो.

निनावी पुड्यांत मात्र सिल्डेनाफिलसारखे औषध छुपे मिसळलेले असू शकते. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यास ते प्राणघातक ठरू शकते. दुकानात प्रत्येक मालाचे बिल मागणाऱ्याने घटकांची नोंद नसलेली पुडी का स्वीकारावी? जिलेटिनची कॅप्सूल वर्ज्य असल्यास तेही डॉक्टरांना निःसंकोच सांगावे.

श्रावकाच्या अणुव्रतांत स्वदारसंतोष आहे. आजार हा व्रतभंग नव्हे, की पुरुषार्थाचे दिवाळेही नव्हे. पत्नीपासून तो लपविल्याने दुरावा मात्र वाढतो. दोघांनी मिळून यूरॉलॉजिस्ट अथवा मनोविकारतज्ज्ञाकडे जावे, हेच श्रेयस्कर.