ओशावाचे ट्रक आणि आपले मिस्त्री



वॉनमधून ४०७ क्रमांकाच्या महामार्गाने पूर्वेकडे निघाले की तासाभराच्या अंतरावर ओशावा लागते. तेथील विमानतळाच्या कडेला ओंटारिओ रेजिमेंटचे संग्रहालय आहे. इतर संग्रहालयांत वाहने दोरखंडामागे निश्चल उभी असतात. येथील बहुतेक वाहने चालतात. रणगाडे, चिलखती गाड्या, जीप आणि ट्रक चालू ठेवण्याचे काम प्रामुख्याने स्वयंसेवक करतात. या लेखात मला त्यांतील ट्रकांविषयी लिहायचे आहे, कारण त्यांचा आणि आपल्या देशाचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून निकटचा आहे.

दुसऱ्या महायुद्धात कॅनडाने ८ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली. त्यांतील सुमारे निम्मी ‘कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न’ या नमुन्याची होती. विंडसर येथे फोर्ड आणि ओशावा येथे जनरल मोटर्स अशा दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकाच सरकारी आराखड्यावर हे ट्रक बांधले. फोर्डच्या गाडीत ९५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन होते आणि शेवरलेटच्या गाडीत ८५ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरांचे. ब्रिटिश साम्राज्यातील सैन्यांसाठी बांधल्यामुळे त्यांचे सुकाणूचाक उजवीकडे असे. शेवटच्या नमुन्यातील समोरची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली होती. सूर्यप्रकाश परावर्तित होऊन शत्रूच्या विमानाला गाडीचा ठाव लागू नये, हा त्यामागील हेतू. हे ट्रक उत्तर आफ्रिका, इटली आणि नॉर्मंडीबरोबरच मोठ्या संख्येने हिंदुस्थानातही पोहोचले. कॅनडातून आलेल्या चासींवर टाटांच्या पोलादाचे चिलखत चढवून तेथे साडेचार हजारांहून अधिक चिलखती गाड्याही बांधण्यात आल्या.

ऐंशी वर्षांचा ट्रक चालू ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना बाहेरून येत नाही. पहिला शत्रू गंज. येथील हिवाळ्यात रस्त्यावर टाकले जाणारे मीठ सांध्यासांध्यांत शिरते आणि पत्रा आतून खाते. दुसरा शत्रू इंधन. ओंटारिओत मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असते; जुन्या रबरी नळ्या ते सोसत नाहीत, त्या फुगतात आणि चिरतात. तिसरा प्रश्न ब्रेकचा. नेहमीचे ब्रेक-तेल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि वर्षभर उभ्या असलेल्या गाडीत तो ओलावा सिलिंडर आतून गंजवतो. म्हणून काही जण पाणी न शोषणारे सिलिकॉनचे तेल वापरतात. परंतु दोन्ही तेले एकत्र करून चालत नाही, आधीचे तेल संपूर्ण काढून नळ्या स्वच्छ कराव्या लागतात. बॅटरी सहा व्होल्टची असते. तारेचे एक टोक जरी मळलेले असले तरी दिवा मंदावतो आणि स्टार्टर कण्हू लागतो. नट-बोल्टांचे आटे अमेरिकी मापाचे असतात. ब्रिटिश गाड्यांसाठी घेतलेला पाना येथे लावला तर तो घसरतो आणि नटाच्या कडा झिजवून ठेवतो.

शेवरलेटच्या इंजिनात आणखी एक कौशल्य लागते. त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग दुकानातून आणून बसवण्याजोगी नाहीत. त्या जागी मिश्रधातू वितळवून ओतावा लागतो आणि नंतर हाताने खरवडून दांड्याशी जुळवावा लागतो. आपल्याकडील मिस्त्री यालाच ‘व्हाइट मेटल ओतणे’ म्हणत. पुढे झीज झाली की बेअरिंगच्या सांध्यातील कागदासारख्या पातळ पत्र्या एकेक काढून फट कमी करायची. किती घट्ट म्हणजे पुरेसे घट्ट, हे मोजमापाबरोबर मनगटालाही कळावे लागते.

सर्वांत गंभीर बाब चाकांची. या ट्रकांची रिम दोन भागांची असते. मध्याजवळच्या वर्तुळातील नट चाकाला हबशी धरून ठेवतात आणि बाहेरच्या वर्तुळातील नट रिमचे दोन भाग एकमेकांशी बांधून ठेवतात. टायरमध्ये हवा असताना कोणी बाहेरचे नट सैल केले, तर रिमचा अर्धा भाग तोफगोळ्यासारखा उडतो आणि समोरच्या माणसाचा जीव जातो. म्हणून आधी व्हॉल्व्ह काढून हवा पूर्णपणे सोडायची आणि मगच त्या नटांना पाना लावायचा, हा नियम. ते नट वेगळ्या रंगाने, बहुधा तांबड्याने, रंगवण्याची पद्धत यातूनच आली.

हे सर्व ज्ञान आज, ऐंशी वर्षांनंतर, ओशावातील एखाद्या स्वयंसेवकाच्या हाती कसे येते? याचे उत्तर कागदात आहे. प्रत्येक नमुन्याबरोबर पुस्तिका निघाल्या: चालकासाठी एक, दुरुस्तीसाठी एक आणि प्रत्येक सुट्या भागाचे चित्र व क्रमांक देणारी एक. काल शेतावर किंवा दुकानात काम करणारा अठरा वर्षांचा मुलगा आज भरती झाला आहे, असे गृहीत धरूनच त्या लिहिल्या गेल्या. मी संगणकप्रणालीच्या व्यवसायात आहे. टिपण न ठेवता निघून गेलेल्या माणसाने लिहिलेली प्रणाली सांभाळणे किती जिकिरीचे असते हे मी रोज अनुभवतो. म्हणून या पुस्तिकांचे मोल मला विशेष जाणवते. त्या वाचण्यासाठी कोणाच्या घरात जन्म घ्यावा लागत नव्हता.

आता हिंदुस्थानाकडे वळू. युद्ध संपल्यावर यांतील पुष्कळ ट्रक अतिरिक्त साहित्य म्हणून विकले गेले. त्यांवर लाकडी हौदे आणि नव्या केबिन चढल्या, आणि ते मालवाहतुकीला लागले. लष्करातही काही गाड्या पुढे कित्येक वर्षे राहिल्या. टाटांचे मर्सिडीज-बेन्झ ट्रक १९५४ पासून आणि जबलपूरचा शक्तिमान त्या दशकाच्या अखेरीस येईपर्यंत देशाचे ओझे वाहणाऱ्यांत हे परदेशी ट्रक होते. सुटे भाग समुद्रापलीकडे राहिले होते. ते भाग लेथवर घडवणारे, व्हाइट मेटल ओतणारे, एका गाडीचे पाटे दुसरीला बसवणारे लोक कोण होते? त्यांत मुसलमान होते, शीख होते, लोहार-सुतार होते, आणि लष्करी कारखान्यांत व डेपोंत लागलेले आपलेही होते. त्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. त्यांनी शोधलेल्या युक्त्या त्यांच्याबरोबरच गेल्या.

हे लिहिताना एक गोष्ट विसरता येत नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री बाबासाहेब होते. युद्धकारखान्यांना आणि सैन्याला फिटर, टर्नर, वेल्डर पुरवणारी तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. सैन्यातून सुटणाऱ्या माणसांच्या पुनर्वसनासाठी १९४५ साली त्याच खात्यात महासंचालनालय निघाले, आणि १९५० पासूनच्या कारागीर प्रशिक्षणाची व आयटीआयची वाट तेथूनच पुढे गेली. हत्यार कसे धरावे हे बापाकडून मुलाकडे जाण्याऐवजी वर्गात, फळ्यावर, कोणत्याही मुलाला शिकवले जाऊ शकते, या विचाराला सरकारी यंत्रणेचे बळ मिळाले. जात कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांनाच वरखाली बसवते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले होते. कारागीर प्रशिक्षणाकडे त्या दृष्टीने पाहिले की त्याचे महत्त्व अधिक कळते.

माझे थोरले मामा एका लष्करी वर्कशॉपमध्ये फिटर होते. शक्तिमानची गिअरपेटी त्यांनी कितीदा उघडली असेल, याची मोजदाद नाही. आज ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. परवा दूरध्वनीवर मी त्यांना ते काम समजावून सांगा म्हटले. ते म्हणाले, “अरे, त्यात काय सांगायचंय? हाताला कळतं ते.” थोड्या वेळाने म्हणाले, “तुमच्या हाताला ग्रीस लागू नये म्हणूनच तर सगळं केलं.”

त्या वाक्यात आपल्या एका पिढीचा त्याग आहे आणि एक अडचणही आहे. जन्माने लादलेले, अपमानाचे काम टाकून द्या, शिका, हा आदेश आपण पाळला. तो योग्यच होता. परंतु मामांचे काम लादलेले नव्हते. ते प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन मिळवलेले होते. तरीही गावाने आणि पुढे आपण सुशिक्षितांनीही त्याला त्याच जुन्या तराजूत तोलले. हात काळे होतात म्हणून काम खालचे, हे माप आपले नव्हे. तरी ते आपल्या घरात राहून गेले.

ओशावात शनिवारी स्वखुशीने ट्रकाखाली निजणाऱ्या माणसाला कोणी हलका मानत नाही. त्याचे फार कौतुक करण्याचेही कारण नाही. निवृत्तिवेतन असलेल्याचा छंद आणि पोटासाठी अनवाणी पायांनी जॅक लावणाऱ्याचे आयुष्य यांची तुलना होत नाही. पण एक गोष्ट तेथून घेण्याजोगी आहे: केलेले काम लिहून ठेवण्याची सवय. कोणता नट किती घट्ट केला, कोणती नळी कधी बदलली, हे वहीत असते, आणि वही पुढच्या माणसाच्या हाती जाते.

म्हणून या महिन्यात एक विनंती. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भंडारा, अंबाझरी येथील लष्करी कारखान्यांत, डेपोंत हयात घालवलेली माणसे आपल्यापैकी अनेकांच्या घरांत आहेत. त्यांना दूरध्वनी करा आणि ध्वनिमुद्रण सुरू ठेवा. ‘कसे होता’ एवढ्यावर न थांबता ‘ते काम नेमके कसे करत होता’ असे विचारा. पहिले उत्तर ‘त्यात काय सांगायचं’ असेच येईल. तेव्हा एकेक भाग घेऊन विचारा: आधी काय सोडवायचे, कोणते हत्यार, हाताला काय जाणवायचे, चूक झाली तर काय व्हायचे. मी मामांशी पुढच्या रविवारी गिअरपेटीपासून आरंभ करणार आहे. आपण केलेली टिपणे या मासिकाकडे पाठवावीत. ती त्यांच्या नावानिशी छापण्याची विनंती मी संपादकांना केली आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.