सांधा आपल्या हातचा हवा

जळगावजवळच्या असोद्याच्या शिवारातील केळीला वैशाखात पाणी कमी पडले, म्हणजे पान पिवळे पडण्याच्या कितीतरी आधी ते तापू लागते. कारण तहानलेले झाड आपली पर्णरंध्रे मिटून घेते आणि बाष्पोत्सर्जनाने मिळणारा गारवा नाहीसा होतो. हा ताप मनुष्याच्या दृष्टीस अगोचर असला, तरी २०१३ साली अवकाशात गेलेला लॅंडसॅट-८ हा अमेरिकी उपग्रह दर १६ दिवसांनी या मुलखावरून जाताना अवरक्त किरणांच्या साहाय्याने त्याची नोंद करू शकतो.

अवरक्त किरण टिपणारा संवेदक शेतावर रोखलेला असो वा ताऱ्यांवर, त्याचे मर्म त्याच्या सांध्यात आहे. खगोलवेधासाठी लागणारे अवरक्त किरण सिलिकॉनमधून आरपार निघून जातात, म्हणून ते टिपण्यास इंडियम अँटिमोनाइडसारखा निराळा पदार्थ योजावा लागतो. आणि टिपलेला अत्यल्प विद्युतभार बिंदूगणिक मोजून बाहेर आणण्याचे काम मात्र सिलिकॉनवरील मंडलच उत्तम करते. या दोन विजातीय पदार्थांना इंडियम धातूचे सूक्ष्म स्तंभ, प्रत्येक चित्रबिंदूस एक याप्रमाणे, परस्परांशी जोडतात. वापरासाठी यंत्र अतिशय थंड करू लागले की दोन्ही पदार्थ कमीअधिक आकुंचन पावतात, आणि त्या कडाक्यातही मऊ राहणारे इंडियम तो ताण सोसते. जेथे ते निसटले, तेथे तेवढा बिंदू कायमचा आंधळा.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने सिद्ध केलेला टिरकॅम-२ हा अवरक्त कॅमेरा जुन्नरजवळच्या गिरवली वेधशाळेत वापरला गेला व पुढे उत्तराखंडात देवस्थळच्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर पोहोचला. उणे २३८ अंशांवर काम करणाऱ्या त्याच्या संवेदकात ५१२ गुणिले ५१२, म्हणजे अडीच लाखांवर बिंदू आहेत. परंतु तो संवेदक, सांध्यांसकट, अमेरिकेत घडला. यात आपल्या शास्त्रज्ञांकडे उणेपणा जात नाही. तथापि जी विद्या क्षेपणास्त्रांच्याही उपयोगाची आहे, तिचा माल परक्या सरकारच्या परवान्यावर अवलंबून राहावा, हे मला मनापासून खटकते.

ज्या कवयित्री बहिणाबाई चौधरींचा जन्म असोद्याचा, त्यांचे नाव धारण करणाऱ्या जळगावच्या विद्यापीठात हे जोडकाम हाताने शिकविण्याची सोय राज्य सरकारने करावी, आणि मुंबईच्या संस्थेतील जाणत्यांना तेथे सन्मानाने पाचारण करावे. आरंभीची कित्येक वर्षे बिघडलेले नमुनेच अधिक निघतील. त्यांच्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात आधीच मंजूर असावी, म्हणजे दर नमुन्यामागे विद्यार्थ्यावर दफ्तरी खुलासे लिहीत बसण्याची पाळी येणार नाही.